एका प्रार्थनाग्रंथाचे धनी

मुंबईहून गुजरातकडे जाणारी आगगाडी डहाणू रोड स्टेशन सोडून घोलवडकडे निघाली म्हणजे एकीकडे चिकूच्या वाड्या व त्यांच्या पलीकडे समुद्र, आणि दुसरीकडे तलासरीच्या बाजूस चढत गेलेले डोंगर असा देखावा दिसूं लागतो. या डोंगरांतच बाहरोट नांवाचा एक डोंगर आहे. त्याच्या माथ्याजवळ खडकांत कोरलेल्या कांहीं गुंफा आहेत, आणि पारशी समाजास त्या तीर्थासारख्या वाटतात. संजानचा पाडाव झाला तेव्हां पारशांनीं आपला पवित्र अग्नि, इराणशाह, या डोंगरांत आणला आणि बारा वर्षें येथें जपून ठेवला, असें ‘किस्सा-इ-संजान’ या फारसी काव्यांत सांगितलें आहे. नवसारीच्या बहमन कैकोबादांनीं हें काव्य इ. स. १६०० च्या सुमारास रचलें. बाहरोटहून तो अग्नि पुढें वांसद्यास, नवसारीस आणि अखेरीस १७४२ सालीं उदवाड्यास गेला. तेथें तो आजहि तेवत आहे. १९६० सालीं राज्यांची वांटणी झाली, तेव्हां संजान आणि उदवाडा हीं गांवें गुजरातेंत गेलीं व बाहरोट महाराष्ट्रांत राहिला. परंतु यात्रेकरूंच्या मनांत अशी सरहद्द नाहीं.

अग्नीचा प्रवास याप्रमाणें पुष्कळांना ठाऊक आहे. पण अग्नीपुढें जे मंत्र म्हणावयाचे त्यांचें काय? ते कोणीं लिहून ठेवले, ज्या पोथ्यांत लिहिले त्या कोणाच्या घरीं राहिल्या, आणि शेवटीं कोणाच्या हातीं गेल्या? ही कथा अग्नीच्या कथेइतकी प्रसिद्ध नाहीं. ती समजण्यासाठीं अशा एकाच पोथीचा माग काढणें बरें.

डहाणू, घोलवड, बोर्डी या पट्ट्यांत चिकूच्या वाड्या करणारीं पुष्कळ इराणी कुटुंबें आहेत. धर्म एकच असला तरी हीं कुटुंबें संजानला उतरलेल्या जुन्या पारशांहून निराळीं. त्यांचे पूर्वज अलीकडच्या काळांत, एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत, इराणांतील यझ्द आणि किरमान या प्रांतांतून इकडे आले. ज्या पोथीविषयीं येथें सांगावयाचें आहे तिचेंहि माहेर तेंच. ती यझ्द येथें लिहिली गेली आणि किरमानच्या एका गृहस्थासाठीं लिहिली गेली. तिचें लेखन इ. स. १६४७ सालीं पुरें झालें. लिहिणाराचें नांव मेहेरबान अनुशिर्वान आणि लिहवून घेणाराचें नांव मर्झबान. त्या वेळीं इराणच्या गादीवर सफवी घराण्यांतील दुसरा शाह अब्बास होता. दिल्लीस शाहजहानाचा अंमल चालू होता. आणि इकडे सह्याद्रींत सतरा वर्षांचे शिवाजीराजे आपल्या कार्यास नुकतेच हात घालीत होते.

पोथी वेंदिदादाची आहे. जरथुष्ट्री धर्मग्रंथांत वेंदिदाद म्हणजे शुद्धाशुद्धीचे नियम सांगणारा भाग. त्याचे बावीस अध्याय आहेत. हा ग्रंथ नुसता वाचण्याचा नव्हे. मध्यरात्रीं आरंभ करून पहांटेपर्यंत चालणाऱ्या एका मोठ्या विधींत तो म्हटला जातो. बहात्तर अध्यायांचा यस्न आणि त्यास जोडलेला विस्पेरद यांच्या मधून मधून वेंदिदादाचे अध्याय येत जातात. इतर मंत्र धर्मगुरूंनीं मुखोद्गतच म्हणावयाचे असतात. वेंदिदाद मात्र फार मोठा असल्यामुळें पोथी पुढें ठेवून वाचण्यास मोकळीक आहे. म्हणून या ग्रंथाची प्रत सुवाच्य हवी, अक्षर ठळक हवें, दिव्याच्या उजेडांत ओळ चुकतां कामा नये. भाषांतर किंवा टीका न घालतां केवळ मूळ मंत्र ज्या पोथींत असतात तिला ‘वेंदिदाद सादे’ म्हणतात. मर्झबानाची पोथी याच जातीची आहे.

जरथुष्ट्री पोथ्या बहुधा साध्या असतात. काळी शाई, क्वचित् तांबडी, फार तर श्लोकांच्या मध्यें एखादें फुलासारखें चिन्ह. यापलीकडे सजावट नसते. ही पोथी मात्र तशी नाहीं. तिच्या आरंभींच्या मथळ्यावर जी वेलबुट्टी काढली आहे ती त्या काळच्या मुसलमानी ग्रंथांच्या धाटणीची आहे. शिवाय आंत रंगीत चित्रें आहेत, तीं सात. आणि सातहि चित्रें झाडांचीं आहेत.

ही धाटणी म्हणजे काय, हें थोडें सांगितलें पाहिजे. इराणांत ग्रंथ सजविण्याची कला मुसलमान कारागिरांनीं परमोत्कर्षास नेली होती. कुराणाच्या प्रतींत आणि प्रार्थनेच्या पुस्तकांत मनुष्याकृति काढावयाची नसे. म्हणून कारागिराचें सर्व कौशल्य अक्षरांच्या वळणांत, वेलींत, भूमितीच्या आकृतींत आणि रंगांत उतरलें. पहिल्या पानाच्या माथ्यावर सोन्याचा वर्ख आणि लाजवर्दी निळा रंग यांची एक पट्टी काढीत. तिला सरलौह म्हणतात, आणि या सुवर्णकामास तजहीब असें नांव आहे. हिंदुस्थानांत सुद्धां मुसलमान घरांतून अशीं पुस्तकें असत. पंधराव्या शतकांत मोरोक्कोमध्यें होऊन गेलेल्या अल्-जझूली या सत्पुरुषानें पैगंबरांवरील दुरूदांचा जो संग्रह केला, त्या ‘दलाइल-उल्-खैरात’ च्या सुंदर प्रती हिंदुस्थानांतहि होत. आठवड्याच्या वारांप्रमाणें पाठ वांटून दिलेले आणि मक्का व मदिना यांचीं चित्रें समोरासमोर काढलेलीं, अशी त्यांची मांडणी असे.

आतां असा विचार मनांत येतो कीं, ज्या समाजास सफवी राज्यांत दबून राहावें लागे, त्याच समाजांतील एका गृहस्थाच्या पवित्र ग्रंथावर राज्यकर्त्यांच्या धर्मातील कलाकुसर कशी आली? उत्तर कठीण नाहीं. धर्म दोन होते, पण गांव एकच होता. शाई, कागद, रंग एकाच बाजारांत मिळत, आणि जें सुंदर तें पवित्र ग्रंथास शोभतें ही समजूत दोन्ही घरांत सारखीच होती. आपल्याकडेहि मराठी पोथ्यांच्या हाशियांवर मोगली धाटणीचीं फुलें आढळतात. त्यामुळें त्या पोथ्या कांहीं कमी सोंवळ्या झाल्या नाहींत.

झाडांच्या चित्रांचा अर्थ लावतांना वेंदिदादाचा तिसरा अध्याय आठवतो. भूमि कोठें सुखी असते, असा तेथें प्रश्न आहे. आणि जेथें धान्य, गवत व फळझाडें लावलीं जातात तेथें ती सुखी असते, असें एक उत्तर त्यांत दिलें आहे. ज्या धर्मांत झाड लावणें हें पुण्यकर्म मानतात, त्या धर्माच्या ग्रंथांत चित्रकारास झाडें सुचावीं हें साहजिकच आहे. यझ्द-किरमानची रुक्ष भूमि सोडून आलेल्या कुटुंबांनीं डहाणूच्या किनाऱ्यावर वाड्या उठवाव्यात, हेंहि त्यांच्या वळणाला धरूनच झालें असें म्हणावयास हरकत नाहीं.

पोथीच्या मालकीचा प्रश्न यापुढें येतो. जुन्या जरथुष्ट्री लेखनिकांची एक चाल मोठी मननीय आहे. पोथी पुरी झाली म्हणजे शेवटीं ते तिथि, स्थळ, आपलें कुलनाम आणि कोणासाठीं लिहिलें तें सांगत. आणि पुष्कळदां अशी इच्छा नमूद करीत कीं, लिहवून घेणारानें ही पोथी दीडशें वर्षें धर्मकार्यांत वापरावी आणि त्यानंतर ती आपल्या धर्मनिष्ठ वंशजांच्या हातीं द्यावी. दीडशें वर्षें कोणीहि जगत नाहीं, हें लेखनिकास ठाऊक नव्हतें असें नाहीं. त्याचा आशय असा कीं, पोथी ही एका माणसाची वस्तु नव्हे. तो तिचा राखणदार. आमच्या पोथ्यांच्या शेवटीं तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून आणि मूर्खाच्या हातापासून हिला राखा, अशी विनवणी असते. तिच्यांतहि हाच भाव आहे. मुसलमान धनिक कुराणाची प्रत मशिदीस वक्फ करून देत, आणि ती विकूं नये असें पानावर लिहून ठेवीत. तिन्ही धर्मांना एकच काळजी होती.

परंतु लेखनिकाची इच्छा काळ नेहमीं पाळतोच असें नाहीं. हिंदुस्थानांतील जरथुष्ट्री पोथ्यांचा इतिहास पाहिला म्हणजे हें चांगलें ध्यानांत येतें. चौदाव्या शतकांत खंबायतचा चाहिल नांवाचा एक पारशी व्यापारी होता. त्यानें इराणांतून मेहेरबान कैखुस्रो नांवाच्या धर्मगुरूस बोलावून आणलें. या एका माणसानें १३२२ सालीं ठाण्यास, आणि १३२३ व १३२४ या सालांत खंबायत व नवसारी येथें बसून यस्न, वेंदिदाद आणि पहलवी ग्रंथ यांच्या प्रती केल्या. ज्या ठाणें जिल्ह्यांत डहाणू आणि तलासरी हे तालुके २०१४ सालीं पालघर जिल्हा होईपर्यंत मोडत होते, तेंच हें ठाणें. पहलवी भाषांतरासहित वेंदिदादाच्या ज्या प्रती आज उपलब्ध आहेत त्यांतील बहुतेक याच्या प्रतींवरून उतरल्या आहेत. म्हणजे एका लेखनिकाचा हात थांबला असता, तर ज्ञानाचा केवढा भाग लुप्त झाला असता!

या मेहेरबानाच्या पोथ्या आज कोठें आहेत? दोन कोपनहेगनला. डेन्मार्कचा भाषापंडित रास्क १८२० सालीं मुंबईस आला होता, त्यानें त्या नेल्या. एक लंडनला. ती सुरतेच्या इंग्रज वखारींतील डॉक्टर सॅम्युएल गाइज याच्या संग्रहांतून गेली. या गाइजनें आपल्या संग्रहांतील कांहीं पोथ्या दस्तुर दाराब यांच्या विधवेकडून विकत घेतल्या होत्या. हे दाराब म्हणजे फ्रेंच पंडित आंकेतील द्युपेराँ याचे गुरु. आंकेतील १७५८ ते १७६१ पर्यंत सुरतेस राहिला, त्यांच्याजवळ शिकला, आणि १७६२ सालीं १८० हस्तलिखितें पॅरिसच्या राजग्रंथालयांत दाखल करता झाला. त्यास या विषयाची गोडी लागली ती ऑक्सफर्डच्या एका पोथीमुळें. तेथें वेंदिदादाची एक प्रत १७२३ सालापासून होती; ती सांखळीनें भिंतीशीं बांधून ठेवली होती आणि एकाहि पंडितास तिचें अक्षर लागत नव्हतें. तिच्या चार पानांची नक्कल पाहून हा तरुण हिंदुस्थानास निघाला.

गुरूनें शिकविलें, शिष्यानें ज्ञान युरोपांत नेलें, आणि गुरूच्या मागें त्याच्या पत्नीनें पोथ्या विकल्या. त्या बाईस दोष देणें सोपें आहे. परंतु कर्त्या माणसाच्या मागें कपाटांत राहिलेल्या, आपणांस वाचतां न येणाऱ्या पोथ्यांचें काय करावें, हा प्रश्न ज्या घरीं उभा राहिला आहे त्या घरचें मनुष्य असा दोष चटकन देणार नाहीं.

याच्या उलट दुसरें उदाहरण आहे. मेहेरबानानें १३२३ सालीं लिहिलेली यस्नाची एक प्रत मुंबईच्या दस्तुर जामास्पजी मिनोचेहेरजी जामास्पआसाना यांच्या घरीं होती. दस्तुर स्वतः गाढे विद्वान्. त्यांनीं ती १८८९ सालीं आपण होऊन ऑक्सफर्डच्या विद्यापीठास दिली, आणि १८९३ सालीं तिच्या सर्व पानांचीं छायाचित्रें छापून प्रसिद्ध झालीं. यांत विक्री नाहीं, अज्ञान नाहीं. घरांत एकाच्याच उपयोगी पडणारी पोथी जगांतील सर्व अभ्यासकांच्या उपयोगी पडावी, असा हा विचारपूर्वक केलेला त्याग होता.

मर्झबानाची चित्रांकित पोथी या दुसऱ्या जातीची. ती इराणांतून मुंबईस आली आणि बर्जोरजी सोराबजी अॅशबर्नर या पारशी व्यापाऱ्याच्या संग्रहांत पोंचली. बर्जोरजी हे रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे सभासद होते.  १८६४ सालीं त्यांनीं आपल्या आणि आपल्या वडिलांच्या नांवें पुष्कळ हस्तलिखितें लंडनच्या रॉयल सोसायटीस देऊं केलीं. त्यांत ही पोथी होती. तें साल मुंबईच्या इतिहासांत ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. अमेरिकेंत यादवी युद्ध चालू होतें, तिकडला कापूस विलायतेस मिळत नव्हता, आणि मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला होता. पुढच्याच वर्षीं युद्ध संपलें आणि मुंबईच्या कितीएक पेढ्या एकाएकीं बसल्या. अशा काळांत खासगी घरांतील वस्तु कोठल्या कोठें जातात, हें सांगावयास नको.

रॉयल सोसायटी ही मुख्यत्वें पदार्थविज्ञानाची सभा. तिला या पोथ्यांचा उपयोग थोडाच. १८७६ सालीं तिच्या पौर्वात्य हस्तलिखितांचा संग्रह इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयांत ठेवण्यांत आला. या संग्रहांत सर विल्यम जोन्स यांनीं दिलेलीं हस्तलिखितेंहि होतीं. दैवाचा विनोद असा कीं, आंकेतीलनें १७७१ सालीं झेंद-अवेस्ताचें भाषांतर छापलें तेव्हां तें खरेंच नव्हे, असा उपहास त्याच वर्षीं या जोन्स यांनीं केला होता. पुढें १८२६ सालीं रास्कनें अवेस्ताच्या भाषेचें प्राचीनत्व सिद्ध करून दाखविलें. उपहास करणाराचे ग्रंथ आणि ज्याचा उपहास झाला तो ग्रंथ अखेर एकाच संग्रहांत शेजारीं शेजारीं राहिले. १९८२ सालीं इंडिया ऑफिसचें ग्रंथालय ब्रिटिश लायब्ररींत सामील झालें, आणि आज ही पोथी तेथें आहे.

मर्झबान, बर्जोरजी, रॉयल सोसायटी, इंडिया ऑफिस, ब्रिटिश लायब्ररी: असे हिचे धनी. यांतील खरा धनी कोण? मर्झबानानें पैसा खर्चून ती लिहविली, म्हणून ती त्याची. लेखनिकानें डोळे शिणवून लिहिली, म्हणून ती त्याचीहि. ज्या धर्मगुरूंनीं मध्यरात्रीच्या विधींत असे मंत्र पिढ्यान् पिढ्या म्हटले त्यांचा हक्क तर सर्वांहून मोठा. आणि ज्या ग्रंथपालांनीं तिला ओल, कसर आणि आग यांपासून वांचविली, त्यांचा कांहींच हक्क नाहीं असें कसें म्हणावें? सुरक्षित कपाटांत पोथी टिकते, पण मंत्र म्हटला जात नाहीं. अग्नीपुढें मंत्र म्हटला जातो, पण पोथी झिजते. या दोन गोष्टींची सांगड घालणें हेंच खरें अवघड काम आहे.

ही सांगड येथेंहि घातली गेली आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. नवसारीचें मेहेरजीराणा ग्रंथालय १८७२ सालीं स्थापन झालें. मुंबईची खरशेदजी रुस्तमजी कामा पौर्वात्य संस्था १९१६ सालीं निघाली. घरोघरच्या पोथ्या तेथें जमा झाल्या आणि समाजाच्याच हातीं राहिल्या. एखाद्या कुटुंबास पोथी सोडावयाची असेल तर तिला समुद्रापलीकडे जाण्याची गरज उरली नाहीं.

या कथेचा बोध केवळ पारशी घरांसाठीं नाहीं. देव्हाऱ्याखालच्या फडताळांत ज्ञानेश्वरीची जुनी प्रत, आजोबांच्या पेटींत मोडीची वही, मुसलमान शेजाऱ्याकडे रेशमी बासनांत गुंडाळलेलें कुराण, असें धन अजून पुष्कळ घरांत आहे. किनाऱ्यावरची दमट हवा त्याचा दरवर्षीं थोडा घास घेते. पोथी कोणाची, कोणीं लिहिली, घरांत कशी आली, एवढें तरी एका कागदावर लिहून तिच्यासोबत ठेवावें. वाचणारें कोणी घरांत नसेल तर वेळीच जाणत्या संस्थेच्या हातीं ती द्यावी, आणि देणाराचें नांव तिच्यावर राहील असें पाहावें. बर्जोरजींनीं देणगी देतांना आपल्या वडिलांचें नांव आपल्या नांवाशेजारीं घातलें. त्यामुळें दीडशेंहून अधिक वर्षांनंतरहि पितापुत्रांचें स्मरण त्या पोथीबरोबर चालत आलें आहे.

बाहरोटच्या गुंफांत आज अग्नि नाहीं. तो बारा वर्षें तेथें राहिला आणि पुढें गेला. परंतु ज्यांनीं त्या बारा वर्षांत लांकडें फोडून डोंगरावर नेलीं आणि रात्रंदिवस तो विझूं दिला नाहीं, त्यांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत. तरी उदवाड्याच्या आजच्या ज्योतींत त्यांचा वांटा आहेच. पोथीचेंहि असेंच आहे. ती ज्याच्या हातीं असेल त्यानें पुढच्या हातांत ती शाबूत द्यावी, एवढीच मालकी मनुष्याच्या वांट्यास येते.